ओलं पुस्तक उघडू नकोस

कोल्हापूर,
बुधवार, १४ ऑगस्ट २०१९

चि. मुक्तास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तू रात्रीच्या एसटीत वाचशील असा हिशेब धरून लिहायला बसले आहे. पोस्टानं तुझ्या आधी काही पोचायचं नाही, म्हणून शेजारच्या पोराकडून पानांचे फोटो काढून धाडते. हायवे सुरू झालाय, तरी शिरोलीजवळ गाडी रांगेत थांबेल, तेवढ्यात वाचून होईल. काय आणायचं ते शेवटाकडं आहे, तेवढं मात्र निघायच्या आधी बघ. अक्षर लागत नाही म्हणायची सोय नाही, तुझं शुद्धलेखन याच हातानं तपासलंय.

परवा फोनवर तू बोललीस आणि मला रात्रभर झोप लागली नाही. उद्या स्वातंत्र्यदिन आणि राखीपौर्णिमा एकाच दिवशी, शनिवारी पारशी नववर्षाची सुट्टी, मधल्या शुक्रवारी रजा टाकली की रविवारपर्यंत चार दिवस मोकळे. तेवढ्यात तू घर लख्ख करणार, दादाची सगळी पुस्तकं गच्चीवर उन्हात घालणार, गेलेल्यांची यादी करून नवी कोरी मागवणार, आणि आईचं मन रमावं म्हणून सहा पुस्तकं आणणार. बाळ, बेत चांगला आहे. पण तो कोरड्या घराचा बेत आहे.

काल दुपारी आम्ही घर उघडलं. उघडलं म्हणजे काय, दार फुगून चौकटीत बसलं होतं. दादानं खांदा लावून बघितला, मग कुंभारांच्या थोरल्यानं पहार आणली तेव्हा ते निघालं. आत बघितलं तर फ्रीज आडवा होऊन तरंगत तरंगत देवघराखाली जाऊन बसलेला. घोट्याएवढा चिखल. रॉकेल, गटार आणि कुजलेलं धान्य यांचा मिळून एक वास, तो आज सकाळी आंघोळ केल्यावरही माझ्या पदराला होता. भिंतीवर पाण्याची रेघ, माझ्या डोक्याच्या वर वीतभर, पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

कोपऱ्यातली २००५ ची खूण तुला आठवत असेल. पाणी उतरल्यावर दादानं ऑइलपेंटनं रेघ मारून तारीख घातली होती, आणि पुस्तकांचं कपाट त्या रेघेच्या वर फूटभर भिंतीत ठोकून घेतलं होतं. सुतार म्हणत होता खालून आधार द्यावा लागेल. हा म्हणाला, खाली काही म्हणजे काही नको. चौदा वर्षं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, आता पंचगंगेला पुस्तकं पाहिजे असतील तर तिनं करवीर नगर वाचन मंदिराची वर्गणी भरावी, १८५० पासून उघडं आहे. लोक हसायचे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका. यंदा नदी ५५ च्या वर गेली. पाणी खुणेला लागून शिवाजी पुलाची मच्छिंद्री झाली की एरवी आपण सगळे बघायला जातो, पोरांना खांद्यावर घेऊन. यंदा बघायला जाणारेच बघण्याची गोष्ट झाले.

काल दादानं त्या कपाटाकडं मान वळवली नाही. तो थेट मीटरच्या पेटीकडं गेला आणि तिथं बराच वेळ उभा राहिला. वीज तर पलीकडूनच बंद आहे.

तर पहिलं सांगणं हे, की कपाटाला एकदम हात घालू नकोस. आणि पुस्तक हातात आलं तरी उघडू नकोस.

मी हे सांगते त्यामागं कारण आहे, आणि ते तुला कुणी सांगितलेलं नसणार. २००५ ला पाणी आलं तेव्हा मी वाचनालयात नोकरीला होते, ग्रंथपालाचा कोर्स झालेला, आणि पुस्तकातलं आपल्याला सगळं कळतं अशी अंगात मस्ती. तुझे आजोबा, आप्पा, गुऱ्हाळाचा हिशेब एका लांब चोपडीत लिहीत. तिच्या मागच्या पानांवर ते दुसरंच लिहायचे. गावात कोण वारलं, कुणाची म्हैस व्याली, ओढ्याला पहिलं पाणी कधी आलं. दौतीत बुडवलेल्या टाकानं. ती चोपडी खालच्या खणात राहिली आणि भिजली. मी ती उचलली आणि दादाच्या समोरच उघडली. शाई राहिली का बघायचं होतं. राहिली होती गं. अक्षरं दिसत होती. पण ओला कागद दुधावरच्या सायीसारखा असतो, तो माझ्या अंगठ्याला चिकटून आला. मी दुसरीकडून उघडली, तिथंही तेच. मग घाबरून तशीच पसरून गच्चीवर उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत तिची वीट झाली. मिटलेली ठेवून नुसती निथळू दिली असती तर निम्मी तरी वाचली असती. दादा तेव्हा काही बोलला नाही. अजून बोललेला नाही.

म्हणून मी सांगते तसं कर. पुस्तक मिटलेलंच उचलायचं, खालून तळहात घालून. कपाटात ती फुगून घट्ट बसलीत. वरून पुठ्ठा धरून ओढलंस तर पुठ्ठा हातात येईल आणि पुस्तक आतच राहील. कडेची फळी सुताराकडून सोडवून घेऊ, म्हणजे ती आपोआप सैल होतील. वर चिखल असेल तर दोन्ही हातांनी घट्ट मिटून धरून स्वच्छ पाण्याच्या बादलीत हलकेच हलवायचं, घासायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. पाणी टँकरचं आहे हे लक्षात असू दे. उपसा केंद्रंच पाण्यात गेली, त्यामुळं पुरात बुडालेलं शहर आठवडाभर घागरी घेऊन टँकरमागं धावतंय. पुस्तकांना पाणी घालायचं म्हणजे तुझ्या-माझ्या आंघोळीतलं जाणार.

मग उभं करून निथळू दे. बोटाला पाणी लागेनासं झालं की पानं पंख्यासारखी जराशी मोकळी करायची, मध्ये मध्ये कोरा कागद घालायचा, ओला झाला की बदलायचा. छापील वर्तमानपत्र खाली अंथरायला ठीक, पानांत घालू नकोस, त्याची शाई उतरते. ऊन नको. उन्हानं पुठ्ठा वाकतो आणि डिंक तडकतो. सावलीत, खिडक्या उघड्या टाकून, पंखा असलाच तर भिंतीकडं तोंड करून. पावसाळी हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि आपली पुस्तकं आठवडाभर पाण्यात होती, तेव्हा बरीचशी बुरसलेलीच निघतील. ती नाकातोंडाला फडकं बांधून बाजूला काढायची. तुला लहानपणी दमा होता, ती काढायला मी आहे.

गुळगुळीत कागदाची तऱ्हा वेगळी. दिवाळी अंकांची रंगीत पानं किंवा तुझ्या आईच्या लग्नाचा अल्बम, हे एकदा सुकलं की एकजीव होतं, मग ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही. ते ओलं असतानाच सोडवावं लागतं. तेवढी उसंत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोठवून ठेवायचं. गोठवलं की बुरशी थांबते आणि आपल्याला दिवस मिळतात. हे मी करून बसले आहे. अल्बम काल रात्रीपासून माझ्या गल्लीतल्या कुल्फीवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये आहे, मलई कुल्फीच्या डब्याशेजारी. वैनीला हे सांगितलं तेव्हा पुरानंतर ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "बरं हाय, नवरा-नवरी गार पडलीत एकदाची."

कोर्सला आम्हाला फ्लोरेन्सचा पूर शिकवला होता. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीतली आर्नो नदी गावात घुसली आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली. देशोदेशीची तरुण पोरं धावून आली, हातोहात साखळी करून त्यांनी पुस्तकं वर काढली. लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणायला लागले. काही पुस्तकं तर तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांत नेऊन वाळवली. ते ऐकून मला आपली निपाणी आठवली होती आणि मी वर्गात मोठ्यानं हसले होते. देवदूत काही आठवड्यांत घरी गेले. पानं सुटी करून, धुऊन, पुन्हा शिवणारी माणसं मात्र त्यानंतर कित्येक दशकं त्याच कामाला बसून होती. तू चार दिवसांची देवदूत आहेस. वाईट वाटून घेऊ नकोस, देवदूतही लागतात. पण रविवारी रात्री तू गाडीत बसलीस की सोमवारी ती पानं उलटायला इथं कोण आहे, हे बघूनच काम काढ. निम्मं झालेलं काम दादाच्या डोळ्यांसमोर टाकून जाऊ नकोस.

आणि सगळी वाचवायची नाहीत. हे ग्रंथपालानं बोलू नये, पण बोलते. मृत्युंजय, ययाती, स्वामी उद्या दुकानात मिळतील; त्यांना नमस्कार कर आणि जाऊ दे. ज्याच्यावर दादाच्या हाताचं काही आहे ते धर. शब्दकोश आहे, त्याच्या कडांवर त्यानं तीस वर्षं पेन्सिलीनं शब्द टिपलेत. पेन्सिल पाण्यात पसरत नाही, ते टिकलं असणार. शाळेतल्या पोरांनी निरोप देताना सह्या करून दिलेलं एक पुस्तक आहे, त्यातल्या शाईचं मला सांगता येत नाही. एवढी दहा-पंधरा निघाली तरी मी म्हणेन कपाट वाचलं. सांगलीत नगर वाचनालयात पाणी शिरलं, तिथला शंभर वर्षांहून जुना संग्रह भिजला हे ऐकलं तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. तिथं काही गोष्टींची दुसरी प्रतच नसेल. आपल्याकडं तेवढं तरी नाही.

नवी कोरी मागवायचं मात्र आता डोक्यातून काढ. रिकाम्या, ओल्या भिंतीपुढं करकरीत खोकी आणून टाकलीस तर दादाला ती दुसऱ्याची वाटतील. दिवाळीत त्याला विचार. तोवर भिंतही सुकेल. गादी, कपाटं, डाळ-तांदूळ हे दिसतं म्हणून सगळे त्याच्यामागं असतात, खरी ओल भिंतीत असते आणि ती सुट्ट्या बघून जात नाही. रंगारी आत्तापासूनच गल्लीत फिरतायत. सांग, संक्रांतीनंतर या.

टाकून द्यायच्या वस्तूंचेही आधी फोटो काढ. पंचनाम्याला आपल्या बोळात अजून कुणी आलेलं नाही. आणि घर आधीच चकाचक झालं तर येणारा माणूस काय बघणार? धान्य भिजलेलं आहे ते वैनीला वाळवू देऊ नकोस, ती गुपचूप पसरते. गटाराचं पाणी आहे ते. बूट घातल्याशिवाय चिखलात उतरू नकोस, पायाला खरचटलं असेल तर अजिबातच नको, लेप्टोची भीती आहे. ढिगाऱ्यात हात घालण्याआधी काठी घाल. काल पलीकडच्या घरात धामण निघाली, पण प्रत्येक वेळी धामणच निघेल असं नाही. वायरमननं बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही. सिलिंडरही तसाच, एजन्सीचा माणूस आल्याशिवाय नाही. एवढं पुरे, बाकी तुला कळतं.

आता दादाचं. त्याला काही विचारू नकोस.

गेल्या आठ दिवसांत माझ्या घरी जो येतो तो विचारतो, कसं कसं झालं? आणि येणारे चांगुलपणानंच येतात गं. दादा सुरुवातीला सांगायचा. मंगळवारी पहाटे पाणी दारात आलं, कमरेएवढ्या पाण्यातून दोरी धरून बाहेर पडलो, वैनीच्या डोक्यावर पिशवी होती. चौथ्यांदा सांगताना त्यानं दोरीचं गाळलं. सातव्यांदा नुसतं म्हणाला, "आलं पाणी, आलो आम्ही." आता कुणी आलं की उठून गॅलरीत जातो. तू मुलगी आहेस, तुला वाटेल की माझ्यापाशी तरी बोलतील. बोलेल, पण तुझ्या सुट्टीच्या वेळापत्रकात बोलेल असं नाही. तू पुण्यात राहतेस, तिथली म्हातारी माणसं १९६१ चं पानशेत अजून सांगतात ना? साठ वर्षं होत आली.

एक मात्र कर. त्याला अलमट्टी धरणावर बोलायला लाव. पेपरात रोज येतंय, अलमट्टीचं पाणी, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे, पूररेषा आणि तिच्या आत चढलेल्या इमारती. राधानगरीचे सातही दरवाजे कसे आपोआप उघडतात, शाहू महाराजांनी ते धरण कशासाठी हाती घेतलं, आणि भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी एकाच वेळी भरल्या की प्रयाग संगमावर काय होतं, हे तो मला रोज सकाळी चहाच्या वेळी सांगतो. नदीवर तावातावानं भांडतो तोवर मला काळजी नाही. तू उलट बाजू घे. म्हण, बाबा, सगळा दोष पावसाचाच. बघ कसा उसळतो.

वैनीचं वेगळं आहे. तिला मन रमवायला पुस्तकं लागत नाहीत. ती वाचते ते तू कधी बघितलं नसशील.

त्या मंगळवारी तिच्या डोक्यावरच्या पिशवीत काय होतं ते इथं आल्यावर आम्ही काढलं. रेशन कार्ड, आधार कार्डं, विम्याचे कागद, तुझ्या दहावीचं सर्टिफिकेट आणि खिळ्यासकट ओढून काढलेलं कालनिर्णय. मी म्हटलं, वैनी, हे कशाला? म्हणाली, "दुधाचं मांडलंय त्यावर." ऑगस्टच्या चौकोनांत एक ते पाच तारखेपर्यंत अर्धा, अर्धा, अर्धा, अर्धा, एक. एक लिटर नागपंचमी आणि श्रावणी सोमवार म्हणून, पाहुणे होते. सहा तारखेपासून तिनं रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून त्या ओलसर पानावर 'खाडा' लिहिलं. घर पाण्यात, दूध कुठलं, गोकुळचं संकलन बंद, मी पोरांच्या चहाला पावडर आणून ठेवलेली, आणि ही बाई घरी दूध आलं नाही याची नोंद ठेवत होती. आठ खाडे झालेत. पेन चालत नाही तिथं तिनं दोनदा गिरवलंय, कागद फाटायला आलाय.

दूधवाला आंबेवाडीचा. त्याचंच गाव उठवलं होतं. आज सकाळी तो पत्ता काढत माझ्या दारात आला, कॅन नव्हता, नुसता. वैनीनं त्याला आत बसवलं. तो म्हणाला, वैनी, महिन्याचं बघा काय ते, खाडं कापून घ्या. ती कालनिर्णय घेऊन आली, त्याच्यासमोर आठ बोटं मोजली, आणि म्हणाली, "खाडं लिवायचं म्हणून लिवलं. कापतोय कशाला मी? उद्यापास्नं अर्धा टाक." आणि मग मला म्हणाली, "मुक्ताला सांग, येताना काय आणू नगंस म्हणावं. ठिवायला जागा हाय कुठं?"

तेव्हा सहा पुस्तकं आणू नकोस. संकटावर मात कशी करावी असलं तर एकही नको, तसली मला वाचनालयात फुकट आलेली पुष्कळ आठवतात, पानं न कापता परत जायची. एकच आण, बारीक. माझं मत विचारशील तर व्यंकटेश माडगूळकरांचं माणदेशी माणसं. १९४९ चं पुस्तक आहे, एका बैठकीत एक माणूस संपतो, कथा मागं ओढत न्यावी लागत नाही. आणि माणदेश म्हणजे दुष्काळी मुलूख; पाण्यातून वर आलेल्या घरानं पाण्यासाठी तरसणाऱ्या माणसांचं वाचावं, यात मला बरं वाटतं, का ते विचारू नकोस. विश्वास पाटलांचं झाडाझडती दादाचं लाडकं आहे, पण धरणानं उठवलेल्या लोकांचं ते पुस्तक आत्ता नको. आत्ता आपणही उठवलेलेच आहोत.

आणि मनात वाचू नकोस, मोठ्यानं वाच. उद्या संध्याकाळी, दिवे लागल्यावर, माझ्या गॅलरीत. कुणाला बोलवायचं नाही, ऐका म्हणायचं नाही. तू आपली वाचत बस. वैनी लसूण सोलत ऐकेल. दादा आत पेपर तोंडापुढं धरून बसेल. पण तरुणपणी त्यानं शंकर पाटील, मिरासदार आणि माडगूळकरांचं कथाकथन उभ्यानं ऐकलंय, पाटील तर आपल्या पट्टणकोडोलीचेच. चौथ्या-पाचव्या ओळीला तू माणदेशी शब्द पुणेरी उच्चारशील, आणि आतून आवाज येईल, "तसं न्हाई ते." आला की थांबू नकोस, वर बघू नकोस, दुरुस्त करून पुढं वाच. पानभर झालं तरी खूप झालं. दुसऱ्या दिवशी तो हातातून पुस्तक घेईल असं मला वाटतं. नाही घेतलं तर नाही.

कुंभारांकडं जाऊन ये. गणपती २ सप्टेंबरला आहेत आणि त्यांच्या शेडमध्ये शाडूच्या मूर्तींचा परत चिखल झालाय. काल थोरला साचे धूत बसला होता, एकेक साचा उलटा करून त्यातला गाळ बोटानं काढत. मी विचारलं, जमेल का रे अठरा-वीस दिवसांत? म्हणाला, "आत्या, मोठं जमणार न्हाई. हातभर करतो." आपली पहार त्यांच्याकडून आली हे विसरू नकोस, त्यांचे साचे धुवायला दोन तास दिलेस तर मला पुस्तकं धुतल्याइतकंच चालेल. पहाटे गाडी पोचली की थेट मंगळवार पेठेत माझ्याकडं ये, आपल्या घराकडं एकटी जाऊ नकोस. सकाळी शाळेत झेंडावंदन आहे, परवापर्यंत जिथं निवारा होता तिथंच. दादाला घेऊन जाऊ, मास्तर म्हणून त्याला पुढची खुर्ची मिळते. येताना जिलेबी मी घेते. पंधरा ऑगस्टला कोल्हापुरात जिलेबी खाल्ली नाही तर पूर आला होता हे खरं मानावं लागेल. राखी आधी मी बांधणार, आपल्या दोघींत थोरली मी आहे.

आणायचं एवढंच. गमबूट, रबरी हातमोजे, कोरे कागद दोन रिमं, मिळाले तर टीपकागद. आणि एक मऊ पेन्सिल आण, वैनीसाठी. त्या पानावर पेन उठत नाही आणि उद्यापासून अर्धा लिटर मांडायचं आहे.

तुझी,
आत्या

ता. क. अल्बम आणायला कुल्फीवाल्याकडं तू एकटी जाऊ नकोस. तो दोन कुल्फ्या खायला लावल्याशिवाय सोडत नाही आणि पैसे घेत नाही. आपण दोघी जाऊ, म्हणजे चार होतील.